चंद्रावर जायचा अर्ज कुठे मिळतो?

गिरगावकर

मंगळवारी आपले अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळातून परत येऊन कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात उतरले, तेव्हापासून आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर प्रत्येक जण लिहितोय, "मलाही लहानपणी जायचं होतं." बरं, मग गेला का नाहीत? ते कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा काढतोय. आज २० जुलै २०२५, म्हणजे मुहूर्तही बरा आहे.

माझं आधी सांगतो. २१ जुलै १९६९, सोमवार. आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाय ठेवला तेव्हा आपल्याकडे सकाळचे आठ वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. यान उतरलं होतं त्याच्या आधी, रात्री पावणेदोनच्या सुमारास, पण तेव्हा चाळ झोपेत होती. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे मोठा रेडिओ होता. त्यांच्या दारात ही गर्दी. ऐकू काय आलं म्हणाल तर खरखर, मध्येच एक 'बीप' असा आवाज, आणि मग इंग्रजी. ते इंग्रजी चाळीत दोघांनाच कळत होतं आणि त्या दोघांचं एकमत होत नव्हतं. एक म्हणाला, "उतरला." दुसरा म्हणाला, "अजून शिडीवर आहे."

खरं सांगायचं तर त्या सकाळी चाळीत चंद्र दुसऱ्या नंबरवर होता. शनिवारी इंदिराबाईंनी चौदा बँका सरकारी केल्या होत्या. आमच्या मजल्यावरचे निम्मे बाप्ये बँकेत, त्यात आमचे बाबा. पगार वाढणार की गोठणार, बदली कुठल्या तालुक्याला होणार, युनियन काय म्हणते, यातच सगळे गुंतलेले. त्या गोंधळात मी बाबांचा सदरा ओढून विचारलं, "चंद्रावर जायचा अर्ज कुठे मिळतो?"

बाबा हसले नाहीत. त्यांच्या जगात प्रत्येक गोष्टीला अर्ज होता. रेशनकार्डाला होता, दुधाच्या कार्डाला होता, टेलिफोनला होता (भरला आणि मग वर्षानुवर्षं वाट पाहिली). त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "आधी अकरावी पास हो. मग बघू."

माझी पाळी येईपर्यंत मॅट्रिकची अकरावी जाऊन दहावी झाली. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो. अर्ज कुठे मिळतो ते अजून कळलेलं नाही. आता तुमचं येऊ द्या.

ठाणेकर_बंड्या

काका, भारी! मी तर आर्मस्ट्राँगला टीव्हीवर पाहिलंय. परळला मामाकडे. ब्लॅक अँड व्हाइट, चार पायांचा, लाकडी शटरवाला टीव्ही. आयुष्यात विसरणार नाही.

चिकित्सक

बंड्या, मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. १९६९ मध्ये देशात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत. तुम्ही थिएटरात सिनेमाच्या आधी दाखवायचे ते समाचारचित्र पाहिलं असणार.

गिरगावकर, तुमच्या आठवणीत एक भर घालतो. त्या रात्री मुंबईत पाऊस नसता तरी पूर्ण चंद्र दिसला नसता, अर्ध्याला जरा कमी होता. उतरायची जागा अशी निवडली होती की तिथे नुकतंच उजाडलेलं असावं, सूर्य क्षितिजाच्या वर साधारण दहा अंशांवर असावा. डोक्यावर सूर्य असता तर सावल्या गायब झाल्या असत्या आणि खड्डा कुठला, सपाटी कुठली हे वरून कळलं नसतं.

ठाणेकर_बंड्या

थिएटर नाही हो. मामाकडे. मामी शेव देत होती.

चिकित्सक

बरं, एक विचारतो. चंद्रावर गाडी होती का?

ठाणेकर_बंड्या

होती ना! मागून धूळ उडत होती. आणि एक जण गाणं म्हणत उड्या मारत होता.

चिकित्सक

मग उलगडलं. गाडी नेली ती अपोलो १५ पासून पुढे. आणि चंद्रावर गाणं म्हणत फिरले ते अपोलो १७ चे सर्नन आणि श्मिट, डिसेंबर १९७२. मुंबईत टीव्ही येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. म्हणजे तुम्ही चंद्रावरची पहिली नाही, शेवटची माणसं पाहिलीत. त्यानंतर आजतागायत तिथे कोणी पाऊल ठेवलेलं नाही. एकूण बारा जण उतरून आले, तेवढेच.

माझ्या मते तुमची आठवण जास्त दुर्मिळ आहे. पहिल्याची सगळे सांगतात.

ठाणेकर_बंड्या

माझ्यासाठी तो आर्मस्ट्राँगच. विषय संपला.

काळाचौकी

😂 बंड्याभाऊ, हार मानू नका.

आमच्या लहानपणी आकाशात कोणी वर गेलं नाही, उलट वरून खाली येणार होतं. जुलै १९७९, स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक. सत्याहत्तर टनांचं धूड आणि पडणार कुठे ते कोणालाच माहीत नाही. आमच्या गल्लीत एका आजीने धान्याचा डबा खाटेखाली सरकवून ठेवला होता. जीव गेला तरी चालेल, पण तांदूळ वाचले पाहिजेत. शेवटी ते पडलं हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. दुसऱ्या दिवशी शाळा होती, याचंच आम्हाला जास्त दुःख.

मोगरा_लालबाग

इथे सगळे काकाच लिहितायत, म्हणून मी लिहिते.

१९८४ चा एप्रिल. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. राकेश शर्मा ३ एप्रिलला सोयूझ टी-११ मधून गेले आणि आठवडाभर सगळं लालबाग त्यांच्याबद्दल बोलत होतं. आमच्या घरी टीव्ही नव्हता. टीव्ही कुठला, घरात पगारच नव्हता. वडील गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला होता. अडीच लाख कामगार बाहेर. ८४ पर्यंत संपाचं काय झालं होतं हे आमच्या भागातल्या कोणालाही विचारा. आई पापड लाटायची, वडील मिळेल ते काम करायचे. समोरच्या चाळीत टीव्ही होता, तिथे दारात उभं राहून आम्ही इंदिरा गांधी आणि राकेश शर्मा यांचं ते बोलणं ऐकलं. 'सारे जहाँ से अच्छा' म्हटल्यावर सगळ्या चाळीने टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन मी म्हटलं, मी पण जाणार. काका बसले होते, ते म्हणाले, "विमानदलात मुलींना विमान चालवायला देत नाहीत." हे टोमणा म्हणून नव्हतं, माहिती म्हणून होतं, आणि खरंच होतं. तेव्हा देत नव्हते.

वडील मात्र वेगळंच बोलले. गागारिन १९६१ च्या अखेरीस मुंबईत आला होता, तेव्हा त्याला बघायला ते गर्दीत गेले होते. युनियनच्या मंडळींकडून रशियाची पुस्तकं मिळायची, ती वाचायचे. ते म्हणाले, "व्हॅलेंतिना तेरेश्कोवा कोण होती माहितीये? गिरणीतली कामगार. आपल्यासारखी." हे मला माहीतच नव्हतं. यारोस्लाव्हलच्या कापड गिरणीत काम करायची, फावल्या वेळात पॅराशूट घेऊन उड्या मारायची, आणि १६ जून १९६३ ला एकटीने यानात बसून गेली, पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या मारून आली. विचार करा, मी जन्मायच्या आधी एक गिरणी कामगार बाई अंतराळात जाऊन आली होती आणि मी गिरणगावात बसून ऐकत होते की मुलींना घेत नाहीत.

आणखी एक. राकेश शर्मा ज्या साल्यूत ७ वर गेले, त्याच स्थानकातून त्याच वर्षी जुलैमध्ये स्वेतलाना साव्हित्स्काया बाहेर पडून काम करून आली. अवकाशात चालणारी पहिली बाई. आमच्या शाळेत याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

आपल्याकडे लढाऊ विमान मुलींच्या हातात आलं २०१६ मध्ये. एनडीएत, म्हणजे सैन्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुली गेल्या २०२२ मध्ये आणि त्यांची पहिली तुकडी याच मे महिन्यात खडकवासल्याहून बाहेर पडली, सतरा जणी. गगनयानासाठी, म्हणजे आपल्या यानातून माणूस पाठवायच्या मोहिमेसाठी, निवडलेले चौघंही पुरुष आहेत, कारण निवड झाली विमानदलातल्या टेस्ट पायलटांतून, आणि तिथवर बायका पोचलेल्याच नव्हत्या. गिरगावकर काका, तुम्हाला अर्ज कुठे मिळतो ते कळलं नाही. माझ्या बाबतीत अर्ज छापलेलाच नव्हता.

गिरगावकर

मोगराताई, यावर काय लिहू. वडील आहेत का?

मोगरा_लालबाग

नाहीत. २००८ ला चांद्रयान-१ गेलं ते त्यांनी पाहिलं. "माणूस कधी पाठवणार?" एवढंच म्हणाले.

नेव्हीनगर

माझं थोडं वेगळं. वडील नौदलात, आम्ही कुलाब्याला. घरासमोरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टीआयएफआरची इमारत दिसायची. मला वाटायचं तिथे नुसती गणितं करतात. फार पुढे, चांद्रयान-१ च्या वेळी एक लेख वाचताना कळलं की अपोलोने आणलेल्या चंद्राच्या मातीचे नमुने तिथे आले होते. तिथले शास्त्रज्ञ देवेंद्र लाल यांचा गट त्यांवर काम करत होता.

काम कसं, तर विश्वकिरणांतले, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांतले, जड कण खनिजाच्या स्फटिकातून आरपार गेले की आत बारीक जखम राहते. ती अशी दिसत नाही. रसायनात बुडवून ठेवलं की ती रुंदावते आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेघ दिसते. अशा रेघा मोजायच्या, म्हणजे तो मातीचा कण चंद्राच्या पृष्ठभागावर किती काळ उघडा पडला होता याचा अंदाज येतो. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे या नोंदी कोट्यवधी वर्षं तशाच राहतात.

मी रोज त्या भिंतीबाहेर क्रिकेट खेळत होतो आणि घरी येऊन चंद्राची चित्रं काढत होतो! कोणी सांगितलं असतं तर गेटवर जाऊन बसलो असतो. जयंत नारळीकरही तेव्हा तिथेच होते. ते मुलांना स्वाक्षरी देत नसत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर देतो म्हणत. मी एकही पाठवलं नाही. आता मे महिन्यात ते गेले.

चिकित्सक

आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स तिघेही मुंबईत आले होते, २६ ऑक्टोबर १९६९ ला, जगाच्या दौऱ्यावर असताना. म्हणजे चंद्रावरून आलेली माणसं आणि चंद्राची माती, दोन्ही या शहराने पाहिली आहेत. पण आपल्याला लक्षात काय राहिलं, तर टीव्हीवाला मामा.

मूळ प्रश्न अर्जाचा आहे, तर सांगतो, अर्ज खरोखर होता. पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीने १९६८ ते १९७१ या काळात चंद्राच्या प्रवासासाठी नावं नोंदवून घेतली. पैसे नाहीत, नुसतं नाव. नंबर घातलेलं कार्ड मिळायचं. ९३ हजारांहून जास्त लोकांनी नावं दिली. १९९१ मध्ये कंपनीच बुडाली.

आणि ज्यांचा अर्ज मंजूर झाला त्यांचं काय? इस्रोचे दोन इंजिनिअर, पी. राधाकृष्णन आणि एन. सी. भट, अमेरिकेच्या स्पेस शटल यानातून जायला निवडले गेले होते. इन्सॅट-१सी हा आपला उपग्रह शटलने सोडायचा होता, त्यासोबत आपला एक माणूस जाणार, असं ठरलं होतं. १९८६ च्या सप्टेंबरात उड्डाण. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे शटल फुटलं आणि ते सगळं रद्द झालं. उपग्रह १९८८ मध्ये युरोपच्या एरियान रॉकेटवरून गेला. माणूस गेला नाही. राकेश शर्मांसोबत तितकंच प्रशिक्षण घेऊन राखीव राहिलेले रवीश मल्होत्रा आहेतच. 'अपूर्ण स्वप्न' हा शब्द वापरायचा तर या तिघांसाठी वापरावा. आपलं ते नुसतं वाटणं.

काळाचौकी

चिकित्सकराव, हे जरा कडक झालं. लहान मुलाच्या वाटण्यालाही पासिंग मार्क लावायचे का?

चिकित्सक

लावू नयेत. पण साठीतल्या माणसांनी 'मलाही जायचं होतं' म्हणताना एकदा स्वतःला विचारावं की त्यासाठी आपण केलं काय.

लोअर_परळ_वाली

मी केलं, चिकित्सक काका. माझ्या पिढीची कल्पना चावला. फेब्रुवारी २००३ मध्ये तिचं कोलंबिया यान कोसळलं तेव्हा मी शाळेत होते, वर्गात तिचं चित्र लावलं होतं. भौतिकशास्त्र घेतलं, एमएस्सी केलं, इस्रोची परीक्षा दिली, झाली नाही. आता एका कंपनीत विम्याची आकडेमोड करते. कोणावर राग नाही, काम आवडतं.

आणि हो, आता अर्ज ऑनलाइन मिळतो. व्हर्जिन गॅलॅक्टिक ही अवकाशसहल विकणारी कंपनी, तिचं तिकीट २०२१ मध्ये साडेचार लाख डॉलर होतं. आजच्या दराने रुपयांत पावणेचार कोटींच्या वर. त्यात वजनरहित अवस्था मिळते ती काही मिनिटं. माझ्या आईला हे सांगितलं तर म्हणाली, "एवढ्यात दादरला टू बीएचके येईल." येत नाही हो आई, पण विचार योग्य दिशेने आहे.

शुभांशू शुक्लांबद्दल पेपरात आलं होतं ते वाचलं का? एनडीएचा फॉर्म मूळ त्यांच्या मित्राने आणला होता. मित्राचं वय बसेना, म्हणून तो फॉर्म यांनी भरला. मित्राचा विचार करून मला झोप येत नाही.

गिरगावकर

हा हा! तो मित्र या धाग्यावर असायला हवा.

विक्रोळी_टर्नर

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मला लहानपणी चंद्रावर वगैरे जायचं नव्हतं. वडील कोकणातून आलेले, कंपनीच्या गेटवर वॉचमन. आमच्या घरात एकच इच्छा, पोरगा पर्मनंट व्हावा. आयटीआय केलं, टर्नर ट्रेड. विक्रोळीला गोदरेजमध्ये लागलो. तिथे इस्रोच्या रॉकेटचं विकास इंजिन बनतं हे आता सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा आम्हालाही नीट माहीत नव्हतं. ड्रॉइंग यायचं, त्यावर नंबर. कशाचा तुकडा आहे ते विचारायचं नाही.

साधा जॉब आणि हा जॉब यात फरक एवढाच की इथे चालून जाईल असं काही नाही. केसाच्या जाडीच्या कितीतरी खाली माप जातं. सकाळी एसी सुरू होऊन तासभर झाल्याशिवाय फायनल कट घ्यायचा नाही, कारण धातू गरमीने फुगतो आणि संध्याकाळी माप बदलतं. एकदा साहेबाने एक पीस बाजूला काढला. डोळ्याला काही दिसत नव्हतं, हाताला लागत नव्हतं. गेजवर दिसत होतं. रिजेक्ट. महिन्याची मेहनत. कोणी आरडाओरडा केला नाही, लाल टॅग लावला आणि दुसरा मटेरियल पीस काढला.

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं तेव्हा मी रिटायर होतो. सोसायटीत पेढे वाटले, मला पुढे बोलावून शाल घातली. सेक्रेटरी माईकवर म्हणाले, यांनी बनवलेलं इंजिन चंद्रावर गेलं. मी म्हटलं नाही हो. रॉकेटच्या मधल्या टप्प्यात दोन विकास इंजिनं असतात. ती तीन-सव्वातीन मिनिटं जळतात आणि मग तो टप्पा सुटून समुद्रात पडतो. आमचं इंजिन समुद्रात आहे. सेक्रेटरींना ते आवडलं नाही, पण जे आहे ते आहे.

मोगरा_लालबाग

दादा, तीन मिनिटं चाललं ना बरोबर? बस.

विक्रोळी_टर्नर

चाललं ना ताई. नाहीतर कळलं असतंच. 🙂

नेव्हीनगर

टर्नर, एक विचारू? इंजिनात नायट्रोजन टेट्रॉक्साइड वापरतात, ते फार विषारी असतं म्हणे. चाचणी विक्रोळीला व्हायची का?

विक्रोळी_टर्नर

छे. आमच्याकडे पाण्याने आणि गॅसने प्रेशर टेस्ट. जाळून बघायचं ते इस्रोकडे, महेंद्रगिरीला. विक्रोळीत ते केलं असतं तर ईस्टर्न एक्स्प्रेसवरची ट्रॅफिक कायमची सुटली असती.

लोअर_परळ_वाली

या धाग्यातले सगळे एकदा भेटूया का? वांगणीला खगोल मंडळाचा रात्रभराचा कार्यक्रम असतो, मी पूर्वी जायचे.

चिकित्सक

वांगणी पावसाळा संपल्यावर. त्याआधी ७ सप्टेंबरला रविवारी खग्रास चंद्रग्रहण आहे, मुंबईतून पूर्ण दिसेल. रात्री दहाला तीन मिनिटं कमी असताना सुरू होईल, अकरा ते साडेबाराच्या आसपास चंद्र पूर्ण तांबडा. दुर्बीण लागत नाही, कुठलीही गच्ची चालेल. ढग मात्र असणार, सप्टेंबर आहे.

गिरगावकर

माझ्या इमारतीची गच्ची मोकळी आहे. सोसायटीला अर्ज द्यावा लागेल, तो मी देतो.

मोगरा_लालबाग

काका, ६ तारखेला अनंत चतुर्दशी. लालबागची माणसं ७ तारखेला रात्री एकतर चौपाटीवर असतील नाहीतर आडवी. मला धरू नका.

ठाणेकर_बंड्या

मी येतो. शेव आणतो.